‘सेव्ह द ग्रीन प्लॅनेट!’ : विनोदी म्हणून विकला आणि तिथेच बुडाला

४ एप्रिल २००३ रोजी दक्षिण कोरियात एक सिनेमा लागला. जाहिरात भडक रंगांची, त्यात डोक्यावर चित्रविचित्र हेल्मेट चढवलेला एक भाबडा तरुण, आणि परग्रहवासीयांपासून पृथ्वी वाचवायची भाषा. बघणाऱ्याला वाटावं, चला, दोन तास हसून येऊ. थिएटरात शिरलेल्यांच्या वाट्याला आलं ते अपहरण, छळ, कोमात पडलेली आई आणि एक अत्यंत कडवट शेवट. जांग जुन-ह्वान या दिग्दर्शकाचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा. त्याची तिकिटं खपली जेमतेम ७० हजार.

हा आकडा किती लहान, ते कळायला एक तुलना पुरे. कोरियात सिनेमाचं यश गल्ल्यावर कमी आणि किती लोकांनी पाहिला यावर जास्त मोजतात. याच निर्मितीसंस्थेचा, म्हणजे ‘सायडस’चा, पुढचा सिनेमा तीन आठवड्यांनी लागला. तो बोंग जून-होचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’. त्याने ५० लाखांचा टप्पा ओलांडला. निर्माता एकच, छा सुंग-जे. महिनाही एकच. तरी एकाला डोक्यावर घेतलं आणि दुसरा पडद्यावरून उतरला.

आज मात्र या पडलेल्या सिनेमाचं नाव पुन्हा निघतंय, कारण २०२५ मध्ये त्याचा इंग्रजी अवतार ‘बुगोनिया’ आला. तर हा सिनेमा नेमका चालतो कसा, तेव्हा का पडला आणि आता पाहायचा तर कसा पाहायचा, ते नीट उलगडून बघू. शेवटाची चर्चा एका वेगळ्या भागात ठेवली आहे. सिनेमा पाहिला नसेल तर तेवढा भाग गाळून पुढे जा.

गोष्ट, अर्ध्यापर्यंतची

बियोंग-गू (शिन हा-ग्युन) डोंगराळ भागात राहतो, मधमाश्या पाळतो, पुतळे बनवतो. त्याची पक्की खात्री आहे की ॲन्ड्रोमेडा या दूरच्या दीर्घिकेतून आलेले परग्रहवासी माणसाच्या रूपात आपल्यात वावरताहेत. येत्या चंद्रग्रहणाच्या आत त्यांच्या राजपुत्राशी बोलणी झाली नाहीत, तर पृथ्वीचा निकाल लागलाच म्हणून समजा. राजपुत्रापर्यंत निरोप पोचवू शकेल असा एकच इसम त्याला दिसतो: एका रसायन कंपनीचा प्रमुख, कांग मान-शिक (पेक युन-शिक). मग बियोंग-गू आणि त्याची मैत्रीण सू-नी, जी सर्कशीत तारेवर चालते, असे दोघे मिळून दारूच्या नशेत घरी आलेल्या कांगला पार्किंगमध्येच उचलतात.

कांग हा पोलिसांच्या बड्या साहेबाचा जावई. साहजिकच अख्खं खातं कामाला लागतं. पण खरा माग काढतो तो इन्स्पेक्टर चू, खात्याने अडगळीत टाकलेला हुशार पण विक्षिप्त माणूस, आणि त्याच्या मागोमाग फिरणारा तरुण डिटेक्टिव्ह किम. म्हणजे एकाच सिनेमात अपहरणाचा थरार आहे, पोलीस तपास आहे, विज्ञानकथा आहे, कौटुंबिक शोकांतिका आहे. आणि या सगळ्याला विनोदाची फोडणी आहे.

कल्पना सुचली कशी, हे दिग्दर्शकाने मुलाखतींत सांगितलेलं आहे. अमेरिकन सिनेमा ‘मिझरी’ पाहताना त्याला वाटलं, लेखकाला डांबून ठेवणाऱ्या बाईच्या बाजूने ही गोष्ट कोणी का सांगू नये? त्यातच इंटरनेटवर त्याला एक साइट सापडली. लिओनार्डो डिकॅप्रिओ हा परग्रहवासी असून बायकांना भुलवून पृथ्वी जिंकायला आलाय, असा तिथला दावा. या दोन गोष्टींची सांगड म्हणजे हा सिनेमा.

हसू कुठून येतं

अपहरण केल्यावर पहिलं काम काय? हजामत. परग्रहवासी केसांमधून आपल्या ग्रहाशी संपर्क ठेवतात, हे बियोंग-गूचं शास्त्र. म्हणून कांगचं डोकं चकोट केलं जातं. मग त्याच्या शास्त्रातलं दुसरं कलम: या लोकांची दुखरी ठिकाणं तीन. डोळे, पावलाचा वरचा भाग आणि जननेंद्रियं.

पायाचा प्रसंग जरा थांबून पाहण्यासारखा आहे. कोरियन घरांत आणि सार्वजनिक स्नानगृहांत अंगाचा मळ काढायला एक खरखरीत कापडी हातमोजा वापरतात. तिथल्या कुठल्याही न्हाणीघरात सापडणारी, दोन पैशांची वस्तू. बियोंग-गू त्यानेच कांगच्या पायाची कातडी खरवडतो. मग सोललेल्या जागेवर चोळतो ते दुखण्यावर लावायचं कापूर-मेन्थॉलचं पातळ औषध, तेही कोरियातल्या घराघरांत असतं. खरचटलेल्या जागी चुकून बाम लागला तर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे प्रेक्षक आधी ‘आई गं’ म्हणत हसतो. हे हसू पुरतं बाहेर पडायच्या आत खुर्चीत जखडलेल्या माणसाची किंकाळी कानात शिरते. छळाचं साहित्य जर खास, भीतिदायक असतं तर हसू आलंच नसतं, आणि नंतरची लाजही वाटली नसती. घरगुती वस्तूंमुळे दोन्ही एकदम घडतं. सिनेमाभर हीच युक्ती वेगवेगळ्या रूपांत येते.

ती साधते त्याचं मोठं श्रेय शिन हा-ग्युनला. तो एकदाही विनोदी अभिनय करत नाही. त्याच्या चेहऱ्यावर फक्त चिंता आहे: वेळ कमी, काम मोठं. विनोद आपल्याला दिसतो, त्याला नाही. तो एकदा जरी डोळा मारल्यासारखं करता, तरी डोलारा कोसळला असता.

समोर पेक युन-शिक. कोरियन टीव्हीवरचा जुना, मुरलेला नट. या भूमिकेमुळे पन्नाशी उलटल्यावर त्याची सिनेमातली दुसरी खेळी सुरू झाली. त्याचा कांग आधी गुरकावतो, मग पैशांची लालूच दाखवतो, मग गयावया करतो, आणि हळूहळू लक्षात येतं की हा माणूस खुर्चीत बांधलेला असला तरी समोरच्याचा अभ्यास करतोय. कॅमेरा होंग ग्योंग-प्योचा, ज्याने पुढे ‘पॅरासाइट’ चित्रित केला. त्या अंधाऱ्या, दमट जागेत त्याने पोरकट खेळण्यांच्या दुकानाची झाक आणली आहे.

आता विश्वास कुणावर ठेवायचा?

सिनेमा गुंतागुंतीचा वाटतो तो इथे. वरवर प्रश्न एकच आहे: कांग परग्रहवासी आहे की नाही? पण पटकथा तो प्रश्न बाजूला ठेवून आपली सहानुभूती इकडून तिकडे हलवत राहते.

सुरुवातीला सरळ हिशोब. बियोंग-गू वेडा, कांग बिचारा. मग बियोंग-गूचा भूतकाळ तुकड्यातुकड्यांनी उघडतो. बाप कोळशाच्या खाणीत कामाला, अपघातात हात गेलेला, घरात मारझोड करणारा. शाळेत मारकुटे मास्तर. तुरुंग. नंतर कांगच्याच कारखान्यात नोकरी, तिथला संप, तो मोडायला आलेल्यांच्या मारात गेलेली प्रेयसी. आणि त्याच कारखान्यात आजारी पडून कोमात गेलेली आई. आता वाटायला लागतं, परग्रहवासी वगैरे सब झूट, हा सूड आहे. कांगविषयीची दया आटते.

तेवढ्यात कांग आपले रंग दाखवतो. आईला बरं करायचं औषध माझ्या गाडीच्या डिकीत आहे, असं तो सांगतो. बाटलीवर बेन्झीन लिहिलंय, पण ते फक्त दाखवायला. आईला वाचवण्यासाठी काहीही करायला तयार असलेला मुलगा धावत जातो आणि ते विष आपल्या हाताने आईला देतो. हा प्रसंग चुकूनही विनोदी नाही, आणि दिग्दर्शकाने तसा भासवलेलाही नाही.

कांगवर आता आपला राग धरावा, तर त्याच सुमारास बियोंग-गूच्या आधीच्या ‘प्रयोगां’चे अवशेष सापडतात. याने बरीच माणसं मारली आहेत, आणि ती बहुतेक त्याच्या आयुष्यात त्याला छळून गेलेली. म्हणजे दया पुन्हा मागे घ्यायची? नाही, दया राहतेच आणि किळसही राहते. नवं सत्य जुन्याला पुसत नाही, त्याच्यावर येऊन बसतं. प्रेक्षक दमतो तो यामुळे.

कटकारस्थानावर विश्वास ठेवणाऱ्या डोक्याचं काम कसं चालतं, हेही सिनेमाने अचूक पकडलं आहे. अशा डोक्याला विरोधी पुरावा मिळूच शकत नाही. कांग नाकारतो? परग्रहवासी नाकारणारच. विजेचे झटके सोसूनही जिवंत राहतो? मग तो साधासुधा नाही, राजघराण्यातला आहे. वाटा सगळ्या एकाच घराकडे. २००३ मध्ये असली माणसं इंटरनेटच्या कोपऱ्याकापऱ्यांत होती. आज ती घरातल्या ग्रुपवर सकाळीच भेटतात, म्हणून हा भाग आता जास्त झोंबतो.

कोरियन प्रेक्षकाला यात आणखी एक थर दिसतो, तो आपल्याकडून निसटण्याची शक्यता आहे. १९८० च्या दशकातल्या लष्करी राजवटीत पोलीस कोठडीतला छळ ही तिथली जिवंत आठवण आहे. १९८७ मध्ये पार्क जोंग-चुल हा विद्यार्थी पोलिसांच्या पाण्याच्या छळात मेला आणि त्यातून देश पेटला. खाणींचंही तसंच. १९८९ पासून सरकारी धोरणाने एकामागून एक कोळसाखाणी बंद झाल्या, आणि गांगवॉन प्रांतातल्या वस्त्या ओस पडल्या. बियोंग-गू याच सगळ्याचं उरलेलं पिल्लू आहे. जांग जुन-ह्वानने पुढे २०१७ मध्ये पार्कच्याच मृत्यूवर ‘१९८७’ हा सिनेमा केला, तो ७२ लाखांवर लोकांनी पाहिला. तो पाहून मग हा पाहिला की छळाच्या खुर्चीत कोण बसलंय आणि तिच्यामागे कोण उभं आहे, याची अदलाबदल दिग्दर्शकाने जाणूनबुजून केली असावी असं वाटत राहतं.

मग पडला का?

‘काळाच्या पुढे होता’ हे उत्तर अर्धवट आहे. प्रेक्षक तितका भित्रा नव्हता. त्याच वर्षी ‘मेमरीज ऑफ मर्डर’मधला विनोद आणि खून एकत्र त्याने पचवले, वर्षाअखेरीस ‘ओल्डबॉय’सारखा भयंकर सिनेमाही चालवला. फरक होता पाटीचा.

त्या दोन-तीन वर्षांत कोरियात विनोदी सिनेमाचा भाव वधारला होता. २००१ आणि २००२ मध्ये गुंडांवरच्या विनोदी सिनेमांनी ५०-५० लाख प्रेक्षक खेचले. फेब्रुवारी २००३ मध्ये एक शिकवणीची प्रेमकथा तशीच धो-धो चालली. उलट २००२ मध्ये एक प्रचंड खर्चाचा, प्रयोगशील विज्ञानपट सपशेल आपटला होता. अशा हवेत वितरकाने विचित्र सिनेमावर ‘विज्ञानपट’ लिहिण्यापेक्षा ‘विनोदी’ लिहिणं समजण्यासारखं आहे. गल्लत एवढीच की विनोदी सिनेमाचं तिकीट काढणारा माणूस एक न लिहिलेला करार करून येतो: कुणाला खरं लागणार नाही, आणि बाहेर पडताना मन हलकं असेल. इथे पहिल्या अर्ध्या तासातच तो करार मोडतो. हसायला आलेला चिडून बाहेर पडला, आणि ज्याला असला सिनेमा आवडला असता तो पोस्टर बघून फिरकलाच नाही. कोरियात आजही चुकीच्या पोस्टरची चर्चा निघाली की या सिनेमाचं नाव येतं.

दुसरं कारण रुक्ष आहे, पण महत्त्वाचं. १९९८ नंतर तिथे मल्टिप्लेक्स झपाट्याने वाढले. पडदे वाढले तसा पहिला शनिवार-रविवार निर्णायक झाला. तोंडी प्रसिद्धीला लागणारे तीन-चार आठवडे कुणी देईनासं झालं. कोरियन रसिकांना हे दुखणं ठाऊक होतं. २००१ मध्येच लवकर उतरवलेल्या चार सिनेमांसाठी त्यांनी पुन्हा प्रदर्शनाची मोहीम चालवली होती. पण चाहते जमायलाही आधी कुणीतरी सिनेमा पाहिलेला असावा लागतो.

परत वर कसा आला

आधी महोत्सवांतून. २००३ मध्येच मॉस्को महोत्सवात जांगला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचं पारितोषिक मिळालं, पुचॉनच्या फँटॅस्टिक महोत्सवात सिनेमा गाजला, ब्रसेल्सच्या तशाच महोत्सवात २००४ मध्ये त्याने ‘गोल्डन रेव्हन’ जिंकलं. मायदेशात वर्षाअखेरच्या ‘ब्लू ड्रॅगन’ पुरस्कारांत नवोदित दिग्दर्शक आणि सहायक अभिनेता (पेक युन-शिक) ही पारितोषिकं आली. लोकांनी नाकारलेला सिनेमा परीक्षकांनी उचलून धरला. मग डीव्हीडी आणि इंटरनेटवरून तो हातोहात फिरला. परदेशात त्याला ‘टोकाचा आशियाई सिनेमा’ या खणात टाकलं, म्हणजे तिथेही पाटी अर्धवटच, फक्त दुसऱ्या बाजूने.

दिग्दर्शकाला या नावलौकिकाचा लगेच काही उपयोग झाला नाही. दुसरा सिनेमा, ‘ह्वायी’, आला तो २०१३ मध्ये. मध्ये १० वर्षं गेली.

इंग्रजी आवृत्तीची घोषणा २०२० मध्ये झाली तेव्हा ती जांगनेच करायची असं ठरलं होतं. प्रकृतीमुळे तो बाजूला झाला आणि सूत्रं ग्रीक दिग्दर्शक योर्गोस लँथिमोसकडे गेली. पटकथा विल ट्रेसीची, निर्मात्यांत ॲरी ॲस्टर. ‘बुगोनिया’ २०२५ च्या व्हेनिस महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. त्यात कांगच्या जागी एमा स्टोन आहे, औषध कंपनीची मुख्य अधिकारी म्हणून. बियोंग-गूच्या जागी जेसी प्लेमन्स, आणि सू-नीऐवजी एक भोळा चुलतभाऊ. मधमाश्या ठेवल्या आहेत, हजामतही. इन्स्पेक्टर चूचा सगळा तपास मात्र गेला, त्यामुळे नवा सिनेमा आवळलेला आणि थंड आहे. जुना पसरट, घामट आणि रडवेला आहे. सरस कोणता हा वाद चालू राहील. पण नव्यात बायकोपोरांसह बघता येईल असं काही आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

शेवट (पाहिला नसेल तर गाळा)

कांग बियोंग-गूच्याच वह्या वाचतो आणि मग एक लांबलचक कथा सांगतो: आपणच परग्रहवासी, डायनोसॉर आपल्यामुळे गेले, माणूस आपण घडवला, माणसातली हिंसा काढून टाकायचे प्रयोग चालू आहेत आणि तुझी आई त्यातलाच एक प्रयोग. प्रेक्षक मनात म्हणतो, वा, काय थाप मारतोय. वह्या वाचताना त्याला आपणच पाहिलेलं असतं ना.

पोलिसांच्या गोळीने बियोंग-गू मरतो. आता पृथ्वीला कोण वाचवणार, ही त्याची शेवटची काळजी. आणि मग कळतं की कांग खरंच परग्रहवासी होता, तोही साधा नव्हे, राजाच. प्रयोग फसला असा निर्णय तो देतो आणि पृथ्वी फुटते.

वेडा बरोबर होता, एवढाच चमत्कार यात असता तर तो स्वस्त ठरला असता. इथे गोम अशी की तो बरोबर असूनही त्याने केलेला छळ योग्य ठरत नाही, उलट त्याच छळाने राजाची खात्री पटवली. ज्या माणूसजातीला वाचवायचं होतं तिच्या विरुद्धचा पुरावा तो स्वतःच बनला. ‘बुगोनिया’त शेवट बदलला आहे: माणसं मरतात, पण ग्रह आणि बाकीचे जीव राहतात. २००३ चा राजा एवढीही सूट देत नाही.

पाहायचा तर

लांबी साधारण दोन तास. एका बैठकीत पाहा. तुकड्यांनी पाहिला तर सहानुभूतीची हलवाहलव जाणवतच नाही आणि सिनेमा नुसता विस्कळीत वाटतो. पहिली ३०-४० मिनिटं ‘हे काय चाललंय’ असं होणारच, तिथेच सोडू नका. छळाचे प्रसंग दीर्घ आहेत. शारीरिक वेदना पडद्यावर बघवत नसेल तर हा सिनेमा आपला नाही, आणि लहान मुलांसमोर तर लावूच नका. मूळ कोरियन आवाज आणि उपशीर्षकं हाच पर्याय निवडा, कारण पेक युन-शिकचा अर्धा अभिनय आवाजात आहे. दोन्ही सिनेमे पाहायचे असतील तर जुना आधी. श्रेयनामावली लागली म्हणून बंद करू नका, बियोंग-गूच्या बालपणाची चित्रं तिथे आहेत. ‘ओव्हर द रेनबो’ हे जुनं गाणं सुरुवातीला धांगडधिंग्याच्या चालीत येतं, तेही ध्यानात ठेवून पुढे जा.

शोधताना एक घोळ होतो. सू-नीची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीचं नाव ह्वांग जंग-मिन. त्याच नावाचा एक मोठा पुरुष नट कोरियात आहे, त्यामुळे काही याद्यांत या सिनेमापुढे त्याचा फोटो लागलेला दिसतो. तो या सिनेमात नाही. खात्री करायची तर दिग्दर्शकाचं नाव आणि २००३ हे साल ताडून बघा.